परत आलेला प्रबंध

१९०७ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेला बसलेल्या एका मुलाला ७५० पैकी २८२ गुण मिळाले. टक्केवारी काढली तर ती अडतीसच्याही आत भरते. आज असे गुणपत्रक घेऊन मुलगा घरी आला, तर पेढे वाटायचे की दार लावून घ्यायचे, असा प्रश्न घरच्यांना पडेल. त्या वर्षी मात्र त्या मुलासाठी मुंबईत सभा भरली. समाजसुधारक सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानी होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षक-लेखकाने मुलाचे कौतुक केले आणि स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती ठेवले. मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

हा २८२ चा आकडा मला दर जानेवारीत आठवतो. आमचे जऊळका हे वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले, अकोला-पूर्णा लोहमार्गावरचे गाव. जानेवारीत शेतात तुरीची गडबड असते, हरभरा घाट्यावर आलेला असतो आणि याच दिवसांत दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासून मुलांच्या हाती पडतात. बोर्डाची परीक्षा महिना-दीड महिन्यावर आलेली असते. या सराव परीक्षेच्या गुणांना तसे पाहिले तर कुठेच किंमत नाही. ते ना बोर्डाच्या गुणपत्रकावर येतात, ना पुढच्या प्रवेशाला लागतात. पण गावातल्या घराघरांत याच गुणांवर मोठमोठे निर्णय होऊन जातात. पोरीला गणितात पासापुरतेही पडले नाहीत, तर पुढे शिकवून काय उपयोग, असे कोणी म्हणते. पोराला इंग्रजी झेपत नाही, तर आतापासूनच पुण्याकडे कामाला लावू, असे दुसरा म्हणतो. मुले हे सारे ऐकत असतात. खरी परीक्षा व्हायच्या आधीच त्यातली काही जण मनातून परीक्षेतून उठलेली असतात.

अशा मुलांना बाबासाहेबांचे उदाहरण सगळेच देतात. ते बहुधा शेवटाकडून दिले जाते. कोलंबिया, लंडन, नावापुढच्या पदव्यांची रांग, राज्यघटनेचा मसुदा. गणितात नापास झालेल्या मुलाला ही रांग ऐकून धीर येत नाही, उलट आपण कुठल्या कुठे आहोत असे वाटते. मला वाटते, त्याला या चरित्रातली मधली पाने सांगायला हवीत. त्या पानांवर कमी गुण आहेत, तुटलेले शिक्षण आहे आणि तपासून परत आलेला एक प्रबंधही आहे.

रात्री दोनचा दिवा

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत त्यांनी मुख्याध्यापक म्हणूनही काम केले होते. सेवानिवृत्तीनंतर कुटुंब काही काळ दापोलीला आणि मग साताऱ्याला राहिले. तिथेच आई भीमाबाई वारल्या. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि तहान लागली तर दुसऱ्या कोणी वरून पाणी ओतेपर्यंत थांबावे लागे.

एक गोष्ट मात्र आपण सहसा मुलांना सांगत नाही. या वयात भीमरावांचे अभ्यासात लक्ष नव्हते. बागकामाचा नाद लागला, मग शेळ्या पाळण्याचा. वडिलांनी दुसरे लग्न केले ते त्यांना रुचले नाही आणि घरातून पळून जाऊन मुंबईच्या गिरणीत काम धरायचे त्यांनी ठरवले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कनवटीची पिशवी रात्री काढून घ्यायचा त्यांनी प्रयत्न केला. अखेर पिशवी हाती आली तेव्हा तिच्यात अर्धा आणा निघाला. त्या अर्ध्या आण्याने बेत बदलला. पळून जाण्यापेक्षा लवकर परीक्षा पास होऊन आपल्या पायावर उभे राहावे, असे त्यांनी मनाशी घेतले. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतःच सांगितलेला आहे. लपवण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांना वाटले नाही.

पुढे कुटुंब मुंबईला आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच सरपण, तिथेच सगळ्यांचे झोपणे. अभ्यासाला जागा कुठून आणायची? रामजींनी ती वेळेतून काढली. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचे, रात्री दोनला वडिलांनी उठवायचे आणि बाकीचे घर झोपेत असताना पहाटेपर्यंत दिव्याच्या उजेडात त्याने वाचायचे. उशाशी जाते आणि पायाशी शेळी, अशी ती खोली होती. मुलाला पुस्तकांची हाव सुटली होती आणि निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. हाती पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, तिथे उसने मिळाले नाहीत तर त्यांचा एखादा दागिना मागून आणत, तो गहाण ठेवून पुस्तक विकत घेत आणि पेन्शन आली की सोडवून परत करत.

एल्फिन्स्टन हायस्कूल ही सरकारी शाळा होती, पण संस्कृत शिकायची इच्छा असूनही तिथे भीमरावांना ते घेता आले नाही. अस्पृश्य म्हणून दार बंद होते. त्यांना फारसी घ्यावी लागली. या सगळ्या वजाबाकीतून जे उरले ते ७५० पैकी २८२.

हे गुण कमीच होते. त्यांना उगाच मोठे करण्यात अर्थ नाही. पण त्या सभेत बसलेल्या केळुसकरांनी आकड्याच्या मागचा मुलगा पाहिला होता. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एकटा वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या ओळखीचा होता. म्हणून पुढे महाविद्यालयाचा खर्च रामजींना पेलेना, तेव्हा केळुसकरच त्याला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे घेऊन गेले. महाराजांनी त्याची पारख केली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. अडतीस टक्क्यांच्या आतल्या मुलासाठी एक मास्तर राजाच्या दारात उभा राहिला, ही गोष्ट मला त्या आकड्याइतकीच महत्त्वाची वाटते.

अर्ध्यावर तुटलेले शिक्षण

१९१२ साली भीमराव बी.ए. झाले. नंतर बडोदा संस्थानात नोकरीला गेले, तोच वडील आजारी असल्याची तार आली. परतताना सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी मुंबईला पोहोचले तेव्हा रामजी शेवटच्या घटका मोजत होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले. रात्री दोनला उठवणाऱ्या माणसाने मुलाची पुढची एकही पदवी पाहिली नाही.

त्याच वर्षी सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले, डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला आणि १९१६ मध्ये लंडनला येऊन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यासही सुरू केला. आणि इथे, ऐन भरात, शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना परत यावे लागले. लंडन विद्यापीठाने एवढीच सवलत दिली, की चार वर्षांच्या आत येऊन राहिलेला अभ्यास पुरा करता येईल.

महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती पाणतीराने बुडवली गेली आणि पुस्तके-कागद समुद्रात गेले. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर राहायला जागा मिळेना. नाव लपवून एका पारशी पथिकाश्रमात उतरले, तिथून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परदेशात शिकून आलेला हा तरुण अधिकारी एका बागेत झाडाखाली बसून रडला.

मुंबईत परत आल्यावर १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांना नोकरी मिळाली. पगार बरा होता, पण चार वर्षांची मुदत त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. घरखर्चाला मोजके पैसे देऊन बाकीचे ते साठवत राहिले. रमाबाईंनी त्या मोजक्या पैशांत घर चालवले. १९२० मध्ये नोकरी सोडली तेव्हा स्वतःची शिल्लक होती, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज होते. एवढ्यावर ते लंडनला परतले. मुदत संपायला वर्षभर उरले होते.

लंडनच्या त्या दिवसांच्या आठवणी चरित्रकारांनी नोंदवल्या आहेत. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात उघडताना शिरायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे. घरमालकीण जेवण मोजून देई, त्यात पोट भरत नसे. रात्री भूक लागली की ओळखीच्या एका माणसाने दिलेले पापड भाजून त्यांवर भागवायचे. १९२१ च्या जूनमध्ये एम.एस्सी. झाली. १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी डी.एस्सी. साठी आपला मोठा प्रबंध विद्यापीठाला सादर केला. विषय होता रुपयाचा प्रश्न.

मार्च १९२३

या प्रबंधात काय होते ते थोडे समजून घेतले पाहिजे, कारण त्याशिवाय तो का परत आला हे कळत नाही. तेव्हा रुपया चांदीचा होता. १८९३ पर्यंत कोणीही सरकारी टांकसाळीत चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. जगात चांदीचा भाव घसरत गेला तसा सोन्याच्या हिशेबात रुपयाही घसरत गेला. हिंदुस्थान सरकारला इंग्लंडमध्ये दरसाल जी रक्कम भरायची असे ती पौंडांत असल्याने सरकारची ओढाताण होऊ लागली. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. पुढे रुपया-पौंडाचा दर सरकारने आपल्या हाताने सांभाळायचा, अशी व्यवस्था उभी राहिली. केन्ससारख्या नामवंत अर्थशास्त्रज्ञाने तिची भलामण केली होती.

आंबेडकरांनी या व्यवस्थेवरच बोट ठेवले. रुपये किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर राहिले, तर चलन फुगते आणि भाव चढतात. त्याचा भार अखेर मजुरी आणि पगारावर जगणाऱ्या माणसावर पडतो. म्हणून नवे रुपये पाडण्यावरच पक्की मर्यादा हवी आणि चलनाला सोन्याचा आधार हवा, अशी त्यांची मांडणी होती. आमच्या वऱ्हाडातला कापूस त्या काळात परदेशी जात होता. रुपयाचा दर कोण ठरवतो, हा प्रश्न इथल्या शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचणारा होता.

१९२३ च्या मार्च महिन्यात प्रबंध अडला. परीक्षकांनी तो आहे तसा स्वीकारला नाही, पुन्हा लिहून आणायला सांगितले. ब्रिटिश सरकारच्या धोरणावरची टीका त्यांना फार कडक वाटली, असे चरित्रकार सांगतात. कारण काहीही असो, परिणाम एकच होता. दोन वर्षांहून जास्त काळ अर्धपोटी राहून केलेले काम टेबलावरून परत आले.

त्या वेळची त्यांची अवस्था पाहा. वय बत्तिशीला आलेले. पैसे संपलेले. मुंबईत रमाबाई आणि मुलगा यशवंत हलाखीत दिवस काढत होते. मित्राचे कर्ज डोक्यावर. लंडनमध्ये राहून प्रबंध दुरुस्त करणे परवडणारे नव्हते. एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले. नावापुढे एम.ए. होते, एम.एस्सी. होते, बॅरिस्टरीचा अभ्यास झाला होता. डी.एस्सी. सोडून दिली असती तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती. वकिली सुरू करायची होती, अस्पृश्य समाज वाट पाहत होता, कामे पुढे पडलेली होती.

त्यांनी प्रबंध पुन्हा हाती घेतला. मुंबईतच बसून त्यांनी मांडणी सुधारली, जिथे शब्द टोकाचे वाटत होते तिथे ते आवरले. निष्कर्ष मात्र ठेवले. ऑगस्टमध्ये सुधारलेला प्रबंध लंडनला पुन्हा सादर झाला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये विद्यापीठाने तो स्वीकारून डी.एस्सी. दिली. मार्च ते ऑगस्ट, म्हणजे जेमतेम पाच महिने. त्याच वर्षअखेर लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशन संस्थेने 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या नावाने तो पुस्तकरूपात काढला. त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत आपल्याला सगळी मते मान्य नसल्याचेही सांगितले. मते न पटताही विद्यार्थ्याच्या पाठीशी उभा राहणारा असा गुरू फार थोड्यांना मिळतो. पुस्तक अर्पण केले होते आई-वडिलांच्या स्मृतीला.

दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करण्यासाठी हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग आला. त्याच्यापुढे साक्ष द्यायला ज्यांना बोलावले त्यांत डॉ. आंबेडकर होते. परत आलेल्या प्रबंधाचा विषय आता आयोगाच्या टेबलावर होता.

काय बदलायचे, काय ठेवायचे

मला या पाच महिन्यांचे सर्वांत जास्त अप्रूप वाटते. परीक्षकांनी परत केलेल्या कागदांकडे माणूस दोन प्रकारांनी पाहतो. एक तर सगळेच चुकले असे समजून तो खचतो. नाही तर परीक्षकच वाईट असे म्हणून कागद कपाटात टाकतो. आंबेडकरांना दुसरी वाट धरायला भरपूर कारण होते. परीक्षकांवर रागावण्याइतके त्यांच्याजवळ जगातले अनुभव जमा झाले होते. पण त्यांनी कागद पुढे घेऊन पान-पान पाहिले. हे लिहिणे सुधारता येईल, हा विचार सोडता येणार नाही, अशी वेगवेगळी रास लावली आणि मुदत धरून काम संपवले.

दहावीच्या मुलाच्या सराव पेपराला हेच लागू पडते. त्या पेपरावर लाल शाईत जे गुण लिहिले आहेत त्यांचा उपयोग संपला. उपयोग आहे तो आतल्या पानांचा. कुठली उत्तरे मुळात येतच नव्हती, कुठली येत होती पण वेळ पुरला नाही, कुठे प्रश्न नीट वाचला नाही आणि कुठे बेरीज-वजाबाकीत घसरले, अशी रास लावली की गणिताचा भला मोठा डोंगर आठ-दहा ढिगांत वाटला जातो. त्यातले तीन-चार ढीग महिन्याभरात उपसता येतात. सगळे येतील असे नाही. पण पासाच्या रेषेखालच्या मुलाला रेषा ओलांडायला बहुधा तेवढे पुरते. परीक्षेत हुकले तरी जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, हेही घरात आधीच बोलून ठेवावे. मुलाच्या छातीवरचे ओझे त्याने कमी होते.

मात्र एक इशारा द्यायला हवा. २८२ गुणांची गोष्ट सांगून मुलांना नुसती जिद्द धरायला सांगणे सोपे आहे आणि थोडे अन्यायाचेही आहे. बाबासाहेबांची जिद्द विरळा होती यात शंका नाही. पण मी या चरित्राची पाने जितकी उलटतो तितकी त्या जिद्दीभोवती उभी असलेली माणसे मला दिसू लागतात. रात्री दोनला उठणारे रामजी. दागिना काढून देणाऱ्या बहिणी. बागेत वाचणाऱ्या मुलाची चौकशी करणारे केळुसकर. पंचवीस रुपये आणि पुढे परदेशाचा खर्च देणारे सयाजीराव. मोजक्या पैशांत घर ओढणाऱ्या रमाबाई. कर्ज देणारे भथेना. मत न पटताही प्रस्तावना लिहिणारे कॅनन. यांतल्या एकानेही २८२ हा आकडा पाहून, किंवा परत आलेला प्रबंध पाहून, आता पुरे असे म्हटले असते तर काय झाले असते, याचा विचार करून अंगावर काटा येतो.

आणि बाबासाहेब स्वतः हे विसरले नाहीत. डी.एस्सी. मिळाल्यावर वर्षाच्या आत, २० जुलै १९२४ रोजी, त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ मध्ये सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. डबक चाळीत एका खोलीत जागा नव्हती, म्हणून ज्याने मध्यरात्री वाचले, त्याच्या संस्थेने आधी केलेल्या कामांत मुलांना राहायला आणि वाचायला जागा देणे होते. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली. १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग भरू लागले. १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय निघाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावाजले. मराठवाड्यातल्या गरीब घरांतल्या मुलांना तोवर पदवीसाठी जवळ फारसे काही नव्हते. स्वतःच्या वाट्याला आलेली प्रत्येक उणीव त्यांनी दुसऱ्यांसाठी एकेक करून भरून काढली.

आपल्या घरातला निकाल

जऊळक्यासारख्या गावात आज मुलांना गोणपाटावर वेगळे बसावे लागत नाही. दिवेही विजेचे आहेत, जेव्हा वीज असते तेव्हा. पण एका खोलीत टीव्ही, मोबाईल, पाहुणे आणि दहावीचा अभ्यास ही गर्दी अजून पुष्कळ घरांत आहे. सराव परीक्षेत कमी पडलेली मुले मठ्ठ असतात, असे मला कधीच वाटले नाही. बऱ्याच जणांना सलग तीन तास शांत बसायला जागा मिळालेली नसते. सुट्टीच्या दिवशी तूर गोळा करायला त्यांनाच जावे लागते. मुलींच्या वाट्याला तर सकाळ-संध्याकाळचे चूल-पाणी असते आणि निकाल वाईट आला की पहिली चर्चा त्यांच्याच शाळेची होते.

मुलीला गणितात वीस गुण पडले म्हणून तिचे शिक्षण थांबवायचे घरात बोलणे निघाले, तर त्या आई-वडिलांना मी एवढेच सांगतो, की दीड महिना तिला चुलीपासून सुटी द्या आणि मग बोला. रामजी सुभेदारांनी यापेक्षा वेगळे काय केले? त्यांच्याजवळ पैसा नव्हता, जागा नव्हती, ओळखपाळख नव्हती. रात्रीचे तीन तास तेवढे होते. ते त्यांनी मुलाच्या नावावर केले.

गावात ग्रामपंचायतीची एखादी खोली असते, समाजमंदिर असते, शाळेचा वर्ग संध्याकाळी रिकामा असतो. परीक्षेपर्यंत तिथे रोज दिवा लावून, एक सतरंजी टाकून, दोन मोठ्या माणसांनी आळीपाळीने नुसते बसायचे ठरवले तरी दहा-वीस मुलांची सोय होते. शिकवता आले तर उत्तमच, नाही आले तरी चालेल. दिवा जळत ठेवायला आणि पोरे बसली आहेत ना, हे पाहायला कोणीतरी जागे राहायला हवे.

यंदाचे सराव पेपर मुलांच्या दप्तरांत आहेत. आज रविवार आहे, घरातली माणसेही घरी आहेत. दुपारी जेवणे झाली की ते पेपर बाहेर काढावेत, पहिल्या पानावरचे गुण झाकावेत आणि मुलाशेजारी बसून दुसऱ्या पानापासून वाचायला सुरुवात करावी.